दर श्रावणात तगर बोडकी होते: अळ्यांचं काय करावं आणि काय करू नये

पावसाळ्यात तक्रार ठरलेली असते. देवाला रोज ओंजळभर फुलं देणारी तगर चार दिवसांत शेंड्याकडून बोडकी होते, कृष्णकमळाच्या वेलाला नुसत्या शिरा उरतात, कढीपत्त्याच्या कुंडीत काड्या. दुकानातून औषध आणून मारलं की आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. पुढच्या वर्षी पुन्हा.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरच्या बागेत दिसणाऱ्या दहातल्या सात-आठ अळ्यांना हात लावायची गरज नसते, झाड आपलं आपण सावरतं. उरलेल्या दोन-तीन मात्र खरोखर नुकसान करतात आणि त्यांच्या बाबतीत भूतदया दाखवण्यात अर्थ नाही. सगळी गोम ही दोन टोळकी वेगळी ओळखण्यात आहे. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या अळीवर फवारा मारतात आणि कळीत शिरलेली बारकी अळी त्यांना दिसतच नाही.

आधी अळीच आहे ना, ते बघा

पानाला भोक दिसलं म्हणजे अळी, असं नाही. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखा गोल तुकडा कापलेला असेल तर ते पान कापणाऱ्या माशीचं काम. ही मधमाशीच्याच गोतावळ्यातली. तुकडा खात नाही, घर बांधायला नेते. तिच्यावर उपाय नाही आणि नकोही. पानावर, कुंडीच्या काठावर चकचकीत वाळलेला माग दिसला तर गोगलगाय. पानं कडेने वेडीवाकडी कुरतडलेली आहेत, पण खाली लेंड्या नाहीत, तर नाकतोडा.

अळीची खूण म्हणजे लेंड्या. फरशीवर, कुंडीतल्या मातीवर, खालच्या पानांवर काळ्या-हिरव्या गोळ्या पडलेल्या दिसतात. लहान अळीच्या खसखशीएवढ्या, मोठ्या अळीच्या थेट मिऱ्याएवढ्या. तगरीवरच्या मोठ्या अळीची लेंडी हातात घेऊन बघा (कोरडी असते, घाण वाटायचं कारण नाही), तिच्यावर उभ्या खाचा दिसतात. पाऊस पडला की त्या फुगतात आणि पांढऱ्या फरशीवर हिरवट डाग सोडतात. गॅलरी धुणाऱ्या माणसाला अळी दिसायच्या आधी हे डाग दिसतात.

लेंड्या जिथे ताज्या, ओलसर दिसतील तिथे उभं राहून सरळ वर बघायचं. अळी त्याच रेषेत असते, पानाच्या पाठीला किंवा मधल्या शिरेला चिकटलेली. अंगाचा हिरवा रंग पानाशी इतका जुळतो की नजर तिच्यावरून दोनदा फिरते तरी सापडत नाही. संध्याकाळी खालून टॉर्च मारला की पानातून उजेड आरपार जातो आणि अळीची सावली पडते. हा सगळ्यात सोपा मार्ग.

“काल झाड भरलेलं होतं, आज काहीच नाही”

हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो आणि ते जवळजवळ खरं असतं. तगर, कण्हेर आणि सदाफुलीवर येणारी जाडजूड हिरवी अळी ऑलिएंडर हॉक मॉथ या पतंगाची. मादी पानावर एकेक सुटं, फिकट हिरवं अंडं घालते. बाहेर पडलेली अळी काही मिलिमीटरची असते, शेपटाकडे अंगाच्या मानाने लांब, काळं शिंग. ती कोवळ्या पानाला इतकी बारीक खरवडते की आपल्याला पत्ताही लागत नाही. नंतर ती कात टाकत टाकत वाढते. शेवटच्या टप्प्यात करंगळीएवढी जाड होते, शिंग आखूड आणि पिवळट-केशरी होतं, डोक्याच्या मागे निळ्या-पांढऱ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटतात. डिवचली की मान आत ओढून ते ठिपके फुगवते. पाहणाऱ्याला वाटतं, ही आता चावणार. ती चावत नाही, डंखही मारत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अळी आयुष्यभरात जेवढी पानं खाते त्यांतला फार मोठा भाग ती या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे शेवटच्या काही दिवसांत खाते. म्हणून झाड एका रात्रीत गेल्यासारखं वाटतं. अंड्यातून निघाल्यापासून खाली उतरेपर्यंत सगळा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, आणि तुम्हाला ती दिसते तेव्हा तिचं जेवण आटोपत आलेलं असतं. तुम्ही दुकानात जाऊन औषध आणून, संध्याकाळी वारा पडायची वाट बघून फवारणार, तोवर ती रंग बदलून तपकिरी होते, खोडावरून खाली उतरते आणि पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोष करते. फवारा बसतो उरलेल्या पानांवर.

तेव्हा मोठी अळी दिसली तर घाईघाईने काही करू नका. तगर हे चिवट झाड. चीकवाल्या बहुतेक झाडांसारखीच ती पाऊस असेतो पुन्हा फुटते. फुलांचा महिनाभर खंड पडतो, एवढंच.

कोणाला राहू द्यायचं

*लिंबू, कढीपत्ता, बेल.* कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी दिसतं, ती लिंबावरच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने हलकं टोचलं की डोक्यामागून लालसर-केशरी, दोन फाट्यांचं एक मऊ शिंग बाहेर पडतं आणि आंबूस-उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान माश्यांना पळवायची ती तिची युक्ती. मुलांना एकदा जरूर दाखवा, पण रोज टोचत बसू नका. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेला ब्लू मॉरमॉन, म्हणजेच नीलवंत, हाही याच कुळातला. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर, रानात माकडलिंबूवर वाढतात. राज्य फुलपाखराचे फोटो कौतुकाने पुढे पाठवायचे आणि दारच्या ईडलिंबावर दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक मारायचं, हे दोन्ही एकाच घरात चाललेलं मी पाहिलेलं आहे.

पुरुषभर उंचीच्या कढीपत्त्याला चार-सहा अळ्यांनी काही होत नाही. वीतभर रोपाला होतं. त्याचं पुढे सांगते.

*कृष्णकमळ.* याच्यावर येणाऱ्या टॉनी कोस्टरच्या अळ्या दिसायला भयंकर: तांबूस-तपकिरी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि झुंडीने. मादी अंडी पुंजक्याने घालते म्हणून झुंड. काटे टोचत नाहीत, खाज येत नाही. त्या वेल अक्षरशः उघडा करतात आणि मग भिंतीवर, खिडकीच्या चौकटीला, दोरीला पांढरट रंगाचे, काळ्या रेघा आणि केशरी ठिपक्यांचे कोष लटकवून निघून जातात. गंमत अशी की कृष्णकमळ मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे या फुलपाखराचं जुनं खाद्य म्हणजे माळावर उगवणारी रतनपुरुष ही लहानशी वनस्पती. बागेत वेल आला आणि त्यांना आयती मेजवानी मिळाली. मुळं जुनी असलेला, जमिनीतला वेल दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हिरवा होतो.

*रुई.* शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडणाऱ्यांना काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या जोड्या असलेली अळी माहीत असते. प्लेन टायगर फुलपाखराची. रुईचा विषारी चीक ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. माळ करताना पान तेवढं बघून तोडा.

*कण्हेर.* हॉक मॉथखेरीज इथे कॉमन क्रो या फुलपाखराच्या अळ्याही असतात. कोष चांदीच्या वर्खासारखा चमकतो. कण्हेरीचा चीक विषारी, त्यामुळे या झाडाशी काही केलंत की हात साबणाने धुवा. हे अळीमुळे नव्हे, झाडामुळे.

*अनंत.* यावरही शेपटाला शिंग असलेली हिरवी अळी येते, पण ती तगरीवरची नव्हे. हिचा पतंग पारदर्शक पंखांचा, भर दिवसा फुलांपुढे भिरभिरणारा. पुष्कळ जण त्याला मोठी गांधीलमाशी समजून घाबरतात. कुंडीतला अनंत हळू वाढतो, तेव्हा त्याच्यावर एक-दोन अळ्या ठेवा, जास्त असतील तर हलवा.

*चित्रक,* म्हणजे बागेतला निळ्या फुलांचा प्लंबॅगो. इथे अळी पानं नाही, फुलं आणि कळ्याच खाते. कळीच्या नळीला टाचणीने पाडल्यासारखं भोक आणि आजूबाजूला मुंग्यांची ये-जा दिसली की झेब्रा ब्लू या चिमुकल्या फुलपाखराची अळी आत आहे असं समजा. या कुळातल्या बऱ्याच अळ्या मुंग्यांना गोड द्रव देतात आणि बदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. मुंग्या दिसल्या म्हणून मुंग्यांची पावडर टाकायची सवय असते, ती इथे आवरा. प्लंबॅगोला इतका फुलोरा येतो की पंचवीस-तीस कळ्या गेल्या तरी लांबून कळत नाही.

कोणाला राहू द्यायचं नाही

*मोगऱ्याची कळी पोखरणारी अळी.* बारकी, हिरवट, काळ्या डोक्याची. कळीला भोक पाडून आतली फुलाची सगळी रचना खाते, मग जाळीने शेजारच्या कळ्या एकमेकींना चिकटवते आणि पुढच्या कळीत शिरते. कळी जांभळट होऊन गळते. इथे एक घोळ होतो: कळी जांभळी पडते ती कळीमाशीमुळेही. फरक असा की अळी असेल तर भोक, जाळी आणि विष्ठा दिसते. कळीमाशी असेल तर भोक नसतं, कळी बुडाशी सुजून खुंटलेली असते. उपाय मात्र दोन्हींना एकच: रोज सकाळी अशा कळ्या खुडायच्या आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायच्या. कुंडीत पडू दिल्या तर पुढची पिढी तिथेच तयार होते. नेमाने खुडलं तर औषधाची वेळ सहसा येत नाही. मध्ये चार दिवस गावाला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

*घाटे अळी.* हरभऱ्यातली, टोमॅटोतली, कापसातली, तीच. झेंडू, शेवंती, गुलाबाच्या कळीत डोकं खुपसून मागचा अर्धा भाग बाहेर ठेवते आणि एक कळी पुरती न खाता दुसरीकडे जाते. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू हिने नासवला की जीव हळहळतो. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पण शेजारी टोमॅटो लावलेला असेल तर थोडा विचार करा: शेतकरी टोमॅटोत झेंडूच्या ओळी मुद्दाम लावतात, ही अळी झेंडूकडे ओढली जावी म्हणून. तुमच्या झेंडूवर अळ्या असणं म्हणजे टोमॅटो वाचत असणं. झेंडूवरून वेचत राहायचं, झेंडू उपटून फेकायचा नाही.

*तंबाखूवरची पानं खाणारी अळी,* स्पोडोप्टेरा. हिला खायला काहीही चालतं. हिचा बंदोबस्त मात्र सगळ्यांत सोपा, फक्त वेळ साधली पाहिजे. मादी पानाखाली अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर तपकिरी केसांचं पांघरूण घालते. निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस त्याच पानावर एकत्र राहून हिरवा थर खरवडतात. ते पान जाळीसारखं पांढुरकं, अर्धपारदर्शक दिसतं. ते एक पान तोडलंत की शे-दीडशे अळ्या एका झटक्यात गेल्या. हे पान हुकलं की त्या पांगतात, दिवसा मातीत दडतात, रात्री चरतात, आणि मग टॉर्च घेऊन एकेक शोधत बसावं लागतं.

*लिलीवरची अळी.* काळी, त्यावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके, झुंडीने. पानं संपवून ती खाली बुडख्याकडे सरकते. कंद पुन्हा फुटतो खरा, पण दोन-तीनदा असं झालं की कंद बारीक होतो आणि पुढच्या वर्षी दांडा येत नाही. वेचून काढा. अळ्या ठसठशीत दिसतात, पाच मिनिटांचं काम.

*केसाळ आणि काटेरी.* सुरवंटांचे केस त्वचेत रुततात, खाज आणि गांधी उठतात. हिरवट, चपटी, मांसल काट्यांची घोणस अळी तर चांगलीच वेदना देते. 2022 मध्ये उसाच्या आणि गवताच्या बांधावर लोकांना तिचे चटके बसले तेव्हा महाराष्ट्रभर तिच्या बातम्या झाल्या. हिचा झाडाला त्रास कमी, माणसाला जास्त. पान कात्रीने कापून, चिमट्याने उचलून दूर करा. अंगाला लागलीच तर चोळू नका; चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुऊन बर्फ लावा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा डोळ्यात केस गेला तर सरळ डॉक्टरकडे.

औषध मारूनच का परत येतात

पुष्कळांच्या बागेत त्रास दरवर्षी वाढत जातो त्याचं कारण बहुतेक वेळा फवारणीतच असतं. अळ्यांना खाणारे पुष्कळ आहेत. शिंपी, बुलबुल, दयाळ आणि चिमण्याही पिलांना भरवायला अळ्या नेतात. कुंभारीण माशी भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं मडकं करते, त्यात आधी अंडं घालते, मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते. वेळ असेल तर एकदा जवळून बघा: तोंडात मातीची ओली गोळी घेऊन येते, जबड्यांनी आणि पुढच्या पायांनी ती कडेवर पसरवत जाते, आणि मडक्याला सुरेख वळलेला काठ काढते. काम संपलं की मागे वळूनही बघत नाही. शिवाय डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या परजीवी माश्या: काही अळीच्या अंड्यातच अंडं घालतात, काही अळीच्या अंगात. अळीच्या पाठीवर किंवा शेजारी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी जिवंत असूनही गेल्यातच जमा असते. तिला मारू नका, त्या कोषांतून पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त बाहेर पडणार आहे.

सरसकट कीटकनाशक या सगळ्यांना मारतं. अळीचा पतंग मात्र रात्री दुसरीकडून उडत येतो आणि रिकाम्या मैदानात अंडी घालतो. वर पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांनाही रान मोकळं. औषध मारल्यावर महिन्याभरात जास्वंदीवर पांढरा कापूस चढतो, तो असा.

स्वयंपाकाचं कारण तर उघड आहे. कढीपत्ता आपण रोज फोडणीत घालतो. त्याच्यावर शोभेच्या झाडांचं औषध मारून दुसऱ्या दिवशी पानं तोडणं म्हणजे अळीच्या जागी आपण बसणं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. मिठाचं पाणी कुंडीची माती नासवतं. लसूण-मिरचीचं तिखट पाणी कोवळी पानं करपवतं आणि मोठी अळी त्याला दाद देत नाही. तंबाखूचं पाणी “नैसर्गिक” असलं तरी निकोटिन हे विष आहे, खाण्याच्या झाडावर नकोच. निंबोळी अर्क चांगला: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचा. पण तो लहान अळीचं खाणं-वाढणं रोखतो; करंगळीएवढ्या अळीवर उपयोग नाही. उन्हाने त्याचा जोर उतरतो, पावसाने धुऊन जातो, म्हणजे ऐन श्रावणात मेहनत वाया. बीटी नावाचं जिवाणूंचं औषध कृषी केंद्रात मिळतं, ते मधमाश्यांना, गांडुळांना काही करत नाही. अळीने पान खाल्लं तरच लागू पडतं. पण अळी पतंगाची की नीलवंताची हे त्याला कळत नाही, सगळ्याच मरतात. झेंडूच्या वाफ्यापुरतं वापरायचं असेल तर वापरा, लिंबावर आणि कृष्णकमळावर नको.

देवाच्या फुलांचं काय

हा प्रश्न विचारणारे खरे, आणि त्यांना “निसर्गाला थोडं द्या हो” असं सांगून भागत नाही. कुरतडलेलं, किडकं फूल देवाला वाहत नाहीत. श्रावणात रोजची पूजा, सोमवार, मंगळागौर, मग गणपती. फुलं लागतात तेव्हाच अळ्या जोरात. सासूबाईंना अळीच्या जीवनचक्राचं कौतुक सांगण्यापेक्षा हे करा.

तगरीची छाटणी एकदम करू नका. पहिल्या पावसात सगळं झाड छाटलं की बरोब्बर श्रावणात ते कोवळ्या पानांनी भरतं आणि पतंगाच्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. अर्धं झाड मेअखेर छाटा, उरलेलं पाच-सहा आठवड्यांनी. एका बाजूला जून, राठ पानं राहतात आणि फुलं पूर्ण थांबत नाहीत. युरियाही या दिवसांत देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि फुलं कमी.

दुसरं, एक झाड राखीव ठेवा. कुंडीतली लहान तगर, मोगऱ्याची एक कुंडी, जे पूजेला हमखास हवं ते, मच्छरदाणीच्या कापडाने झाका. चार काठ्या रोवून वरून कापड सोडायचं आणि कुंडीच्या गळ्याशी सुतळीने बांधायचं. पानं कापडाला टेकू देऊ नका, नाहीतर मादी बाहेरून जाळीतून अंडी घालते. झाकायच्या आधी प्रत्येक पान उलटून बघा, आत एखादी राहिली तर तिला तुम्ही पक्ष्यांपासून सुरक्षित जागा बांधून दिलीत असं होईल. फळ धरायचं नसल्यामुळे माश्या आत न आल्या तरी बिघडत नाही. बाकीची झाडं उघडी ठेवा, अळ्यांना तिकडे जाऊ द्या.

आणि गॅलरीतला रात्रभर जळणारा पांढरा दिवा रात्री बंद करा. पतंग उजेडाकडे येतात आणि दिव्याखाली तुमच्याच कुंड्या असतात.

लहान रोप आणि जास्त अळ्या

वीतभर कढीपत्त्यावर पाच अळ्या असतील तर ते रोप टिकणार नाही, आणि पानं संपल्यावर अळ्याही उपाशी मरतील. अशा वेळी अळी हलवायची. बोटांनी ओढू नका; तिने पानावर रेशमाचा धागा पसरून त्यात पाय अडकवलेले असतात, ओढलं की पाय तुटतात. ती बसलेलं पान देठासकट कापा आणि मोठ्या झाडाच्या पानाला कपड्याच्या चिमट्याने अडकवा. पान सुकू लागलं की ती आपण होऊन पलीकडे जाते. झाड मात्र तिच्या खाण्यातलंच हवं: कढीपत्त्यावरची लिंबावर किंवा बेलावर चालेल, तगरीवरची कण्हेरीवर चालेल. “झाडच आहे ना” म्हणून तुळशीवर सोडलेली अळी दोन दिवसांत मरते.

जी अळी हालचाल न करता, रंग बदलून, डोकं खाली घालून बसलेली आहे ती कात टाकते आहे. तिला त्या दिवशी हलवू नका.

झाड बोडकं झालंच, तर

इथे लोक झाड मारतात, अळी नाही. पानं गेल्यावर कुंडीतलं झाड पाणी फार कमी ओढतं. आपण मात्र दया येऊन रोज पाणी घालतो, वरून पाऊस, शिवाय “ताकद यावी” म्हणून मूठभर खत. मुळं कुजतात आणि पंधरा दिवसांनी फांदी वाळली की दोष अळीच्या माथी. बोडक्या कुंडीला पाणी निम्म्याहून कमी करा, मातीत बोट पेरभर घालून कोरडं लागलं तरच द्या. शक्य असेल तर कुंडी छपराखाली सरकवा. खत नवी पालवी फुटेपर्यंत अजिबात नको. फांद्या लगेच छाटू नका. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे आणि डोळे तिच्यावरच फुटणार आहेत.

याच दिवसांत कुंडीची माती उकरायचं टाळा. वरच्या दोन बोटं थरात हॉक मॉथचा कोष असू शकतो, तपकिरी, गुळगुळीत. खुरप्याने तो फुटतो. सापडलाच तर सावलीतल्या पालापाचोळ्याखाली ठेवून द्या.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक अडचण: महिन्यातून एकदा पंप पाठीला लावून येणारा फवारणीवाला. त्याला कामाचे पैसे फवारण्याचे मिळतात, न फवारण्याचे नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. समितीकडे एवढंच मागा की फवारणीची तारीख दोन दिवस आधी फलकावर लावावी आणि लिंबू, कढीपत्ता, कृष्णकमळ ही तीन झाडं वगळावीत. तीन झाडांची यादी समिती मान्य करते. “कीटकनाशकं बंद करा” असा अर्ज मात्र पुढच्या सभेपर्यंत फायलीत पडून राहतो. तोवर झाडाला दोरीने एक पाटी बांधा: “खाण्यासाठी, फवारू नये.” पाटीवर अळ्यांचा उल्लेख करू नका.